चला, कामाला लागू

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. कपाटात धूळ खाणारी नव्हे. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमधल्या संगणकात मी राहते. माझे नाव बॅशआरसी. नावाआधी टिंब असल्याने मी सहसा कुणाला दिसत नाही. पण आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडली, की संगणक आधी मला वाचतो आणि मगच कामाला लागतो. हा मान काही साधासुधा नाही!

मला घडवले रोहिणीने. लांबलचक आज्ञा लिहिताना पॅकिंगच्या बायकांची त्रेधा उडते हे पाहून तिने माझ्यात सोपे शब्द घातले. 'लेबल' लिहिले, की पेट्यांची लेबले छापली जात. 'थंडी' लिहिले, की शीतगृहाचे तापमान दिसे. खिडकी उघडताच 'चला, कामाला लागू' असे मी म्हणावे, ही हौसही तिचीच. देखरेख करणाऱ्या सुवर्णाताई ते वाचून हसत आणि "लागू बाई," म्हणत. पुढे रोहिणी मनमाडला रेल्वेत नोकरीला गेली आणि मला सगळे विसरले.

तिच्या जागी महेश आला. आज्ञा कुठे शोधायच्या, त्या वाटांची एक ओळ माझ्यात असते. नव्या प्रोग्रामची वाट तिथे जोडायची सोडून पठ्ठ्याने जुन्या वाटाच पुसल्या! दारात ट्रक उभा. महेशने नवी खिडकी उघडली. मी आनंदाने म्हटले, 'चला, कामाला लागू', आणि 'लेबल'सकट पुढची एकही आज्ञा चालेना. मला फार लाज वाटली.

महेश घाबरून मला पुसायलाच निघाला. सुवर्णाताईंनी त्याला अडवले.

"माल बाहेर पडून हाय, ऊन चढलं तर मणी नरम पडतील. पण रोहिणीला इचारल्याबिगर पुसू नको. लय जीव लावून केलंय तिनं."

महेशने फोन लावला. पलीकडून रोहिणी शांतपणे म्हणाली, "फाइल चांगली आहे रे. जुन्या वाटा परत लिही, तुझी वाट शेवटी जोड."

वाटाच पुसलेल्या, त्यामुळे फाइल दुरुस्त करायचा एडिटरही नुसत्या नावाने उघडेना, तेव्हा संगणकातला त्याचा पूर्ण पत्ता तिनेच सांगितला. ओळ सुधारली, खिडकी पुन्हा उघडली, 'लेबल' लिहिले आणि छपाई धडाधड सुरू झाली. ऊन चढण्याआधी ट्रक निघाला. माझी छाती अभिमानाने फुलून आली.

मित्रांनो, माझ्यासारखीला हात लावण्याआधी एक प्रत ठेवा. जे कळत नाही ते पुसण्याआधी लिहिणाऱ्याला विचारा. महेश आता तसेच करतो. आणि मी रोज सकाळी हाक देते, तेव्हा सुवर्णाताई पडद्याकडे बघून म्हणतात, "लागू गं, रोहिणी."