चौकटीच्या शर्टाची टोपली

मी एक जुनी वेताची टोपली आहे. हसू नका मित्रांनो, पण गेल्या रविवारी मी सत्काराच्या टेबलावर बसले होते! माझ्या कडीला लाल फीत बांधली होती, खाली पांढरी चादर अंथरली होती, आणि पुढे पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘कृपया हात लावू नये.’ आता तुम्हीच सांगा, टोपलीला हात लावायचा नाही तर तिचं करायचं काय? पण ते पुढे येईलच. आधी मी कोण, कुठली, ते सांगते. सांगताना थोडी घाई झाली तर सांभाळून घ्या. तो दिवस आठवला की माझ्या काड्या अजून करकरतात.

टोपल्या विणणाऱ्या एका बाईच्या अंगणात माझा जन्म झाला. तिने वेत पाण्यात भिजवला, मऊ झाल्यावर गुडघ्यांत धरून वाकवला आणि माझं पोट विणलं. मग झाकण बसवलं, वर पकडायला कडी केली. शेवटी तिने मला उलटं करून माझ्या बुडावर एक चापट मारली आणि म्हणाली, “ही काही लवकर मोडायची नाही.” तिचा शब्द मी आजवर खाली पडू दिलेला नाही.

पहिली काही वर्षं मी एका बेकरीत पाव वाहिले. तिथे प्लास्टिकचे क्रेट आले आणि बेकरीवाल्याने मला दाराबाहेर ठेवलं. शेजारच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या काकूंनी मला उचललं आणि बाजारहाटाला लावलं. त्यांचे यजमान, म्हणजे काका, एका जुन्या व्हॅनमधून लाँड्रीचे कपडे घरोघर पोचवायचे. रविवारी दोघं त्याच व्हॅनने बाजाराला जायचे. मी काकूंच्या मांडीवर.

अशाच एका रविवारी रस्त्याच्या कडेला एक घार पडलेली दिसली. मासे धरायचा नायलॉनचा दोरा तिच्या पंखाला करकचून गुंडाळला गेला होता. काकूंनी गाडी थांबवायला लावली आणि माझ्यातली सगळी भाजी मागच्या सीटवर ओतली.

“अगं, टोमॅटो चिरडतील!” काका ओरडले.

“टोमॅटोला पंख नाहीत. तुमचं जाकीट द्या इकडं.”

जाकिटात गुंडाळलेली घार माझ्या पोटात आली. तिचं काळीज इतकं जोरात धडधडत होतं की मीच हलत होते. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरताईंनी दोरा कापला, जखम शिवली. पुढे घार बरी होऊन उडाली, तेव्हा काकू कमरेवर हात ठेवून तिला म्हणाल्या, “जा बाई! आणि परत तोंड दाखवू नकोस!”

त्या दिवसानंतर भाजीचं आणि माझं नातं संपलं. माझ्या काड्यांत पिसं अडकू नयेत म्हणून काकूंनी मला आतून अस्तर शिवलं.

“अहो, तुमचा तो निळ्या चौकटीचा शर्ट टोपलीला लावला हं,” त्यांनी काकांना सांगितलं.

“अगं, तो मी उद्या घालणार होतो!”

“आता टोपली घालेल. तिला जास्त शोभतो.”

मग काय विचारता! खार, कासव, वटवाघूळ, साळुंकी, कोण कोण माझ्या पोटात बसून गेलं. एका सशाने माझ्या दोन काड्या कुरतडल्या. ती खूण मी पदकासारखी मिरवते. गावातल्या वन्यजीव मंडळाकडे कुणाचा फोन आला की मंडळ काकूंना कळवायचं, आणि काकू आधी मला उचलायच्या, मग चपला शोधायच्या. डॉक्टरताई म्हणायच्या, “ही टोपली म्हणजे माझी दुसरी नर्स.”

आमच्या व्हॅनचा एक नियम होता. रिकामी गाडी असली की काकूंचं तोंड सुरू. “अहो, पळवा जरा, गाडी चालवताय की पाळणा हलवताय?” पण माझ्यात पेशंट आला की रेडिओ बंद, बोलणं बंद. घाबरलेल्या जिवाला माणसाचा आवाज म्हणजे वाघाची डरकाळी. त्याला अंधार हवा, ऊब हवी आणि शांतता हवी. मग दोघं हातांनी बोलायचे. पुढे खड्डा असला तर काकू तळहात खाली दाबायच्या. काकांनी तो खड्डा अलगद चुकवला की त्या दोन्ही हात डोक्यावर नेऊन पंजे हलवायच्या. ती त्यांची टाळी. आवाज नसलेली. काका रस्त्यावरची नजर काढायचे नाहीत, पण मिशीत हसायचे.

मग काकू आजारी पडल्या, आणि थंडीत गेल्या. मी टोपली आहे, मला याहून जास्त सांगता येत नाही.

काकांनी मला कपाटावर ठेवलं. माझ्या झाकणावर धूळ बसली, कोळ्याने कडीला जाळं बांधलं. फोन वाजायचा. काका म्हणायचे, “ती गेली. मी नुसता गाडी चालवायचो.” आणि फोन ठेवायचे. एकदा त्यांनी मला खाली घेतलं, झाकण उघडून चौकटीच्या अस्तरावरून हात फिरवला, आणि परत वर ठेवलं. मित्रांनो, रिकामी टोपली फार जड असते.

एके दिवशी डॉक्टरताई घरी आल्या. वन्यजीवांसाठी राबणाऱ्या डॉक्टरांचा, वनरक्षकांचा आणि स्वयंसेवकांचा मंडळ सत्कार करणार होतं. पहिलं नाव काकूंचं होतं, आणि त्यांचं मानचिन्ह काकांनी घ्यायचं होतं.

“येतो,” काका म्हणाले. “येताना टोपली आणि व्हॅनची किल्ली घेऊन येतो. दोन्ही तुमच्या ताब्यात देतो आणि मोकळा होतो.”

“मोकळे होऊन काय करणार, काका?”

“बसणार.”

डॉक्टरताईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “बरं. टोपली आम्ही काचेच्या कपाटात ठेवू. सगळ्यांना दिसेल.”

काचेचं कपाट! माझ्या अंगावर काटाच आला. कपाटावर निदान धूळ तरी येऊन बसत होती. आत कोण येणार?

रविवार उजाडला. सभागृह नुसतं लखलखत होतं. त्याचे पुढचे दरवाजे उंच, सगळे काचेचे. काकूंनी फार पूर्वी त्या काचांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, म्हणजे पाखरांना कळावं की इथे वाट नाही, भिंत आहे. काका मला घेऊन दारात आले आणि थबकले. काच कोरी होती.

“पट्ट्या कुठं गेल्या?”

शिडीवाला छाती पुढे काढून आला. हा विजेच्या खांबांवर काम करणारा वायरमन. तारांत अडकलेली पाखरं तो शिडी लावून सोडवायचा, म्हणून त्याचाही आज सत्कार होता. “मीच काढल्या, काका! फोटोत बऱ्या दिसत नव्हत्या. काच कशी घासलीय बघा, आहे की नाही तेच कळत नाही!”

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. वनखात्यातले जुने अधिकारी, जाडजूड भाषण हातात. ते हसत हसत थेट काचेवर आदळले.

“घ्या! कळत नाही म्हटलं ना?” शिडीवाला म्हणाला. सगळे हसले. पाहुणेही नाक चोळत हसले. काका तेवढे हसले नाहीत.

मला टेबलावर ठेवलं, फीत बांधली, पुठ्ठा लावला. बाजूच्या तबकात व्हॅनची किल्ली. लोक बसले. ध्वनिक्षेपकावर निवेदिकेने घसा साफ केला. आणि तेवढ्यात...

थड्!

डॉक्टरताई खुर्ची पाडून धावल्या. काचेच्या दाराबाहेर पायरीवर एक खंड्या पडला होता. पाठ निळी, पंख निळे, चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले. मागच्या ओढ्याकडे निघाला असणार बिचारा. कोऱ्या काचेत त्याला आभाळ दिसलं असेल.

“खोकं द्या! झाकणाचं काहीतरी द्या कुणीतरी!” डॉक्टरताई ओरडल्या.

सभागृहात सगळे पाखरांची कामं करणारे, पण आज नवे कपडे घालून रिकाम्या हातांनी आलेले! कुणाकडे रुमाल, कुणाकडे पर्स. शिडीवाला जागच्या जागी पांढरा पडला. “मी केलं हे,” तो पुटपुटला. काका टेबलाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुठ्ठ्याकडे पाहिलं. घ्या ना, मी मनात किंचाळत होते, काका, घ्या ना मला!

काकांनी पुठ्ठा बाजूला भिरकावला. फीत सुटेना, ती दातांनी तोडली. आणि माझी कडी धरून ते धावले! मित्रांनो, काका धावले! डॉक्टरताईंनी खंड्याला ओंजळीत उचललं आणि माझ्या चौकटीच्या अस्तरावर ठेवलं. झाकण बंद. माझ्या पोटात पुन्हा एक काळीज धडधडू लागलं.

“मानेला धक्का बसलाय,” डॉक्टरताई म्हणाल्या. “वाचेल की नाही, आत्ता सांगता येत नाही. गाडीतून हलवायला नको. आता अंधार आणि शांतता, दुसरं औषध नाही.”

रंगमंचाच्या बाजूला एक लहानशी अडगळीची खोली होती. काका तिथे मला मांडीवर घेऊन बसले. दार किलकिलं ठेवलं. पण भिंत पातळ, आणि भिंतीला लागूनच भलामोठा कर्णा! डॉक्टरताईंनी जाऊन त्याची वायर उपटली आणि मंचावर उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, “शेजारी पेशंट आहे. कार्यक्रम होईल, पण ध्वनिक्षेपक नाही. आणि टाळ्या तर नाहीतच.”

“मग सत्कार कसा करायचा?” पाहुण्यांनी कुजबुजत विचारलं.

डॉक्टरताईंनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि पंजे हलवले. “असा. ही काकूंची टाळी.”

काकांनी माझी कडी घट्ट धरली. व्हॅनमधली ती टाळी त्यांना वाटत होतं फक्त दोघांचीच. पण डॉक्टरताई कितीदा तरी मागच्या सीटवर पेशंटशेजारी बसून गेल्या होत्या!

मग सुरू झाला जगावेगळा सत्कार. निवेदिका महिनाभर खणखणीत आवाजाचा सराव करून आली होती, ती आता गुपित सांगावं तशी नावं सांगू लागली. “पहिला सत्कार, काकूंचा,” ती कुजबुजली. सगळं सभागृह त्या किलकिल्या दाराकडे वळलं. काका उठले नाहीत. कसे उठतील? मांडीवर पेशंट होता. फटीतून त्यांना दिसलं, रांगांमागून रांगा, सगळ्यांचे हात वर, सगळे पंजे हलताहेत, आणि आवाज कणभरही नाही. जणू पाखरांचा थवाच बसल्या जागी पंख हलवत होता. काकांनी माझ्या झाकणावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

मग वनरक्षक झाले, डॉक्टरताई झाल्या, कासवांची अंडी राखणाऱ्या बहिणी झाल्या. शिडीवाल्याचं नाव आलं तर तो जागेवर नव्हता. पाहुण्यांनी आपलं जाडजूड भाषण उघडलं, कुजबुजत एक पान वाचलं, दमले आणि खाली बसले. तेव्हाही सगळ्यांनी हात हलवले. जरा जास्तच जोरात!

आणि माझ्या पोटात खुडबुड झाली.

आधी एकदा. मग पुन्हा. मग चोचीची टकटक झाकणावर! काका ताडकन उठले. दारात जाऊन त्यांनी एक हात वर केला आणि पंजा हलवला, एवढंच. सभागृहाला कळलं. माणसं चवड्यांवर, श्वास धरून, मागच्या दाराने ओढ्याकडे निघाली. डॉक्टरताईंनी खंड्याला तपासलं, मान हलवून होकार दिला. काकांनी काचेकडे पाठ केली, मला ओढ्याच्या काठावर ठेवलं आणि झाकण उघडलं.

एक निळी रेघ! सरळ, पाण्यावरून, पार पलीकडच्या झाडीत!

काका कमरेवर हात ठेवून ओरडले, “जा रे बाबा! आणि परत तोंड दाखवू नकोस!” त्यांचा आवाज फाटला, पण ते हसत होते. मग मात्र टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा, सगळं एकदम फुटलं.

परत येऊन पाहतो तर शिडीवाला नव्या कोटात शिडीवर चढलेला. उरलेल्या निमंत्रणपत्रिका कापून तो काचेवर पट्ट्या चिकटवत होता. काकांनी खाली उभं राहून शिडी धरली. “अजून जवळजवळ लाव,” ते म्हणाले. “ती असती तर तुझा कान पिळला असता.”

“पिळा काका, तुम्हीच पिळा.”

“आधी खाली उतर. तुझं मानचिन्ह वाट बघतंय.”

इतक्यात डॉक्टरताईंचा फोन वाजला. कुठल्याशा शाळेच्या गच्चीवर खारीचं पिल्लू पडलं होतं. त्यांनी काकांकडे पाहिलं, पण विचारलं काही नाही. काकांनी तबकाकडे हात केला.

“ती किल्ली द्या इकडं. आणि कपाटात दुसरं काहीतरी ठेवा. ही टोपली कामाची आहे.”

आता त्या काचेच्या कपाटात माझी तुटलेली लाल फीत ठेवलीय. फितीला चालतं ते.

मित्रांनो, तुमच्या खिडकीची काच फार स्वच्छ असेल तर तिच्यावर पट्ट्या लावा. पाखरू पडलेलं दिसलं तर त्याच्याभोवती गलका करू नका, त्याला अंधारात, उबेत ठेवा आणि मोठ्यांना बोलवा. जी माणसं अशा जिवांसाठी धावतात, त्यांचं कौतुक जरूर करा, पण त्यांच्या हातातलं काम काढून त्यांना कपाटात बसवू नका. आम्हा टोपल्यांनाही नको.

बोलायला खूप आहे, पण आता थांबते. व्हॅन सुरू झालीय, आणि माझ्या अस्तरावर एक पेशंट नुकताच झोपलाय. माझी गोष्ट आवडली असेल तर टाळ्या वाजवू नका. दोन्ही हात वर करा आणि हलवा. काकांना आरशात दिसेल.