लुगड्यातले सव्वीस धागे

बुधवारी पहाटे भूकंप झाला आणि दिवस डोक्यावर यायच्या आत सदलग्यानं तो चंदनाच्या विहिरीच्या नावावर टाकूनही दिला. गावाला काय, निमित्तच पाहिजे! मंगळवारी सांजचं तिच्या नवऱ्यानं, कलगोंडानं, नव्या विहिरीत सुरुंग लावला होता आणि सकाळी देवळाच्या भिंतीला हातभर चीर. झालं! पंचांचे म्होरके मारुतीराव पारावर बसून म्हणाले, "सुरुंगानं भुईचं पोट फाडलंय. पुनवेला विहीर बुजवायची."

मळ्यातल्या चंदनाच्या घरापासून नदी दीड मैल. अकरा वर्षं ती डोक्यावर घागरी आणत होती, टाळूवरचे केस घासून गेले होते. विहिरीच्या तळाला आता कुठं ओल लागली होती. ती ओली माती तिनं स्वतःच्या मुठीत दाबून बघितली होती. तिला रडू आलं आणि रडण्याहून जास्त राग आला.

शुक्रवारी निपाणीहून तिचा धाकटा भाऊ बाहुबली आला. तिथं तो शाळामास्तर होता, त्याआधी चार वर्षं मुंबईला वेधशाळेत कारकून. आल्या आल्या त्यानं विचारलं, "आक्का, हादरा दोनदा आला का गं? आधी बारीक थरथर, मग दणका?"

"व्हय. मी दळत होते. ओवी धरली अन् जात्याची खुंटी थरथरली, मला वाटलं घास जादा पडला. मग ओवी सरता सरता भिंतच हलली की रं!"

"मग विहिरीचा काय बी संबंध न्हाय. भूकंपाच्या दोन लाटा एका जागेवरनं एकदमच निघतात. एक पळणारी, दुसरी रेंगाळणारी पण दांडगी. जागा जेवढी लांब, तेवढी दुसरी मागं पडती. एका सेकंदाच्या फरकाला पाच मैल धर. विहिरीत झाला असता तर दोघी संगंच आल्या असत्या."

त्यानं तिला जात्यावर बसवलं, तीच ओवी म्हणायला लावली आणि घड्याळ हातात धरलं. ओवी भावाचीच होती. गाताना चंदना लाजली, ऐकताना मास्तर लाजला. चौदा सेकंद भरले, म्हणजे सत्तर मैल. निपाणीत त्यानं स्वतः बारा मोजले होते, म्हणजे साठ. त्यानं नकाशावर दोऱ्यानं दोन वर्तुळं काढली. ती एकमेकांना दोन जागी छेदत होती. एक जागा खाली कोकणात, राजापूरच्या खाडीकडं. दुसरी दक्षिणेला, खानापूरच्या बाजूला.

मारुतीराव नकाशा बघून पोट धरधरून हसले. "मास्तर, एका भूकंपाला दोन गावं व्हय? एक काय ते ठरवा. तिथनं खरं म्हणून पत्र आलं तर विहीर तुमची."

खोटं काय बोलला म्हातारा? चंदनाला चडफडत का होईना, पटलं.

"तिसरं माप पायजे," बाहुबली म्हणाला. "बेळगावात त्या वक्ताला जागं कोण असंल?"

"वडगावचा शामूअण्णा. कोंबड्याच्या आधी मागावर बसतोय. माझं लुगडं त्याच्याकडंच टाकलंय."

दुसऱ्या दिवशी दोघं मोटारीनं वडगावला गेली. चंदनाला दारात बघून शामू विणकराचं तोंड उतरलं. "आक्का, चुकी झाली. दुसरं विणून देतो." आणि गठ्ठ्याच्या तळातनं त्यानं लुगडं काढलं. त्यात एक विरळ रेघ होती आणि तिच्या जरा पुढं तुटक्या धाग्यांचा जाड, वाकडा पट्टा. "त्या पहाटे माग थरथरला. मला वाटलं, खुंटी ढिली झाली. तसाच विणत ऱ्हायलो, आणि मग असा दणका बसला की धोटा भुईवर!"

"मधी किती वेळ गेला?" बाहुबलीनं आशेनं विचारलं.

"ते कोण मोजतंय, मास्तर!"

बाहुबलीनं कपाळाला हात लावला. चंदना मात्र लुगडं उजेडाला धरून दारात उभी होती. एक बोट रेघेवर, एक पट्ट्यावर.

"अण्णा, मधी हात थांबवला न्हाईस म्हणतोस न्हवं? मग ह्यात मोजलेलंच हाय की!"

सुईच्या टोकानं तिनं आडवे धागे मोजले. सव्वीस. "बस मागावर. सव्वीस धागे वीण, रोजच्या हातानं."

शामू बसला. खटाक, खटाक. तीनदा विणून बघितलं आणि तिन्ही वेळा घड्याळात सतराच सेकंद. तीस वर्षांचा हात तो, चुकतोय कुठला! पंच्याऐंशी मैल. तिसरं वर्तुळ थेट राजापूरच्या खाडीवरनं गेलं. खानापूर असतं तर आठ-दहा धाग्यांतच दणका बसला असता.

"आक्का," बाहुबली लुगड्यावरनं बोट फिरवत म्हणाला, "वेधशाळेत यंत्राचे इतके कागद बघितले, पण असला कागद न्हाय बघितला."

राजापूरच्या शाळेला त्यांनी त्याच दिवशी पत्र टाकलं.

पुनव आली, पण उत्तर काही आलं नाही. सकाळीच वीस-पंचवीस माणसं खोरी-पाट्या घेऊन विहिरीवर हजर झाली. कलगोंडा मान खाली घालून उभा राहिला. चंदना मात्र काठावर जाऊन बसली. "टपाल येस्तवर थांबा. त्याच्या आधी माती टाकायची तर माझ्या डोक्यावर टाका."

बाईच्या डोक्यावर माती कोण टाकणार? सगळे थांबले. दुपारी टपालवाला मष्णू सायकल हाणत आला. मारुतीरावांनी पत्र आपल्याच हातात घेतलं आणि मोठ्यानं वाचलं.

"बुधवारी पहाटे येथे मोठा धक्का बसला. कौले फुटली, खाडीकाठच्या भिंती पडल्या. देवदयेने माणसे सुखरूप आहेत. आपण विचारता ती आधीची थरथर येथे कोणालाच जाणवली नाही. जे आले ते एकदमच आले."

मारुतीरावांनी ते पुन्हा एकदा, मनातल्या मनात वाचलं. मग विहिरीकडं बघितलं, पाट्यांकडं बघितलं आणि घसा खाकरला.

"बघताय काय रं? पाट्या आणल्याच हायत, तर रिकाम्या कशाला न्यायच्या? उतरा खाली, गाळ काढा!"

बुजवायला आलेल्या माणसांनी चौथ्या दिवशी पाणी काढलं. शामूनं देऊ केलेलं नवं लुगडं चंदनानं घेतलंच नाही. विहिरीची पूजा तिनं तेच रेघेचं लुगडं नेसून केली. पहिली घागर फडक्यातनं गाळून घेतली आणि पहिला तांब्या मारुतीरावांच्या हातात दिला. पाणी पिऊन म्हातारा म्हणाला, "लई गोड हाय गं, पोरी."