नऊशे चाळीस युनिट

साखर कारखान्याच्या बॉयलरवर भानुदासांनी एकतीस वर्षे दर तासाला वाफेचा दाब वहीत लिहिला. एखादी वेळ चुकलीच, तर ती ओळ कोरी ठेवायची, अंदाजाने भरायची नाही, असा तिथला नियम होता. निवृत्तीनंतर पत्नीचा, मालनबाईंचा, फुप्फुसांचा आजार बळावला आणि माळेगावच्या घरात भाड्याचे ऑक्सिजन मशीन आले. ते एकूण किती तास चालले, याचा आकडा मशीनवरच दिसे. भानुदासांनी त्याचीही वही घातली. डॉक्टरांनी दिवसाला सोळा तास सांगितले होते. वहीत सात-आठच भरत होते.

"मी कामावर गेलो की बंद करतीस व्हय?"

"तीन हजार बिल येतंय," मालनबाई म्हणाल्या. "तुमचा वॉचमनचा पगार किती, आन त्यात ह्ये मशीन किती खाणार? दिवसा बरं असतंय मला."

म्हणून भानुदासांनी छतावर सोलर बसवायचे ठरवले. निरवांगीच्या मेहुणीचा मुलगा सुमित हेच काम करत असे. त्याने ओट्यावर बसून हिशेब मांडला.

"अनुदान वजा जाता एक लाख बारा हजार. चार वर्षांत वसूल, मावशी. फुडं वीस वर्षं फुकट."

"चार? डॉक्टरांनी मला एवढी कुठं दिल्यात?"

"वसूल झाल्याबिगर तुला सोडत न्हाय मी," भानुदास म्हणाले. तिघेही हसले.

मालनबाईंनी थोडा दम घेतला. "आन वापरलं न्हाय तर?"

"वाया जात न्हाय, मावशी. युनिट जमा हुत्यात. मार्चअखेर कंपनी पैसं देती."

एप्रिलच्या मध्याला पॅनेल बसले. मेच्या मध्याला आलेल्या पहिल्या बिलात फक्त स्थिर आकार उरला. त्या दिवशी भानुदासांनी वही ट्रंकेत ठेवून दिली. मशीन बंद करण्याचे कारणच संपले होते, आणि आजारी माणसावर पहारा ठेवल्यासारखे करणे त्यांना आधीपासून बरे वाटत नव्हते. सकाळी आठला ते बारामतीच्या गोदामावर जात. संध्याकाळी परतत तेव्हा मशीन चालू असे.

"सकाळपास्नं लावलंय," मालनबाई सांगत.

हिवाळ्यात त्यांचे पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन पुरत नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्या गेल्या.

एप्रिलमध्ये, मालनबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर, मशीन परत नेण्यासाठी सुमित टेम्पो घेऊन आला. मशीन उचलण्याआधी भानुदास सवयीने वाकले आणि त्यांनी आकडा वाचला. पाच हजार दोनशे पाच. ट्रंकेतून वही काढली. शेवटची नोंद तीन हजार एकशे दहा. तिथून मालनबाई जाईपर्यंतचे दिवस तीनशे. त्यांनी मनात भागाकार केला.

"रोजचं सात तास," ते म्हणाले. "निस्त्या रातीचं."

सुमितच्या हातात नुकतेच आलेले बिल होते. "काका, म्हणूनच एवढं उरलंय. नऊशे चाळीस युनिट."

"त्याचं किती दिलं?"

"दोन हजार सातशे सव्वीस."

"घेताना दहा रुपयाच्या घरात, आन देताना तीन बी न्हाय?"

"उरलेल्याला तेवढाच दर असतोय."

"मावशीला सांगितला हुतास?"

सुमितने मान खाली घातली. "तिनं विचारला न्हाय. मीबी न्हाय सांगितला."

"वसुलीचं मी बोललो हुतो," भानुदास म्हणाले. "तिनं मनावर घेतलं. फेडूनच जायचं, असं."

छतावर पॅनेल उन्हात होते. दुपारची वीज तयार होत होती आणि घरात फक्त एक पंखा फिरत होता. सुमितने मशीन एकट्यानेच टेम्पोत चढवले.

भानुदासांनी वही ओट्यावर उघडली. शेवटच्या नोंदीखाली त्यांनी एकेक ओळ बोटाने मोजत सोडली. तीनशे ओळी, बारा पाने. शेवटी आजची तारीख घातली, पाच हजार दोनशे पाच लिहिले, आणि नोंद घेणाऱ्याच्या रकान्यात सही केली.