भिंतीवरचे देव आणि जात्यावरची बाई

कोपऱ्यात कुणी तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकलेला दिसला की आपण काय करतो? नाक दाबतो, शी म्हणतो आणि लांब पाय टाकून पुढे जातो. खुशीही तेच करायची. अकरावीची परीक्षा संपेपर्यंत थुंकीसमोर थांबायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

मग ती इंटर्न झाली.

यवतमाळहून बाभुळगावकडे जाताना रस्त्यावर एक छोटं कलासंग्रहालय लागतं, भोवती बाग असलेलं. उन्हाळ्यात तिथे महिनाभर काम शिकायला दोघांना घेतलं होतं, खुशीला आणि तिच्या वर्गातल्या पियुषला. दीपा मॅडम सगळं सांभाळायच्या. चित्र दोन्ही हातांनी कसं धरायचं, धूळ मऊ ब्रशने कशी काढायची, चाफ्याच्या फांदीपासून रोप कसं करायचं, सगळं शिकवायच्या. खुशी तर हवेतच होती. घरी टीव्हीचा रिमोटही ती पांढरे हातमोजे घालून उचलायची.

फक्त बागेच्या मागच्या भिंतीचा कोपरा बघवत नव्हता. लाल, तपकिरी, पिवळट, थरावर थर. त्यात सुपारीचे कण चिकटलेले, वर माश्या. ऊन चढलं की असा वास सुटायचा की डबा उघडावासा वाटत नसे. चांगली शिकलेली माणसं चित्रं बघून तिथे जायची, गाल रिकामा करायची आणि परत येऊन अभिप्रायाच्या वहीत लिहायची, "बाग फार सुंदर ठेवली आहे."

तो कोपरा रोज सकाळी धुवायच्या मथुराबाई. त्यांना कामावर ठेवलं होतं झाडांसाठी. पण घाण दिसली की सगळे हाक त्यांनाच मारायचे. का, ते कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

पियुषने उपाय काढला. "देवाच्या टाइल्स लावू. आमच्या जिन्यात लावल्या न, आता एक थेंब पडत नाही."

मॅडमना ते फारसं पटलं नाही, पण करून बघा म्हणाल्या. सगळ्या धर्मांच्या मिळून बारा टाइल्स आल्या. खुशीने सिमेंटचं घमेलं धरलं, पियुषने थापी चालवली. तीन दिवस भिंत कोरी राहिली. दोघांनी तिच्यासमोर फोटोही काढले.

चौथ्या दिवशी दहा पावलांवर, कडुनिंबाखाली, जात्यावर बसलेल्या बाईच्या गालावरून लाल ओघळ उतरला होता.

ते भाजक्या मातीचं शिल्प होतं, माणसाएवढं. दळताना किंचित वाकलेली बाई. तिच्या पदरावर पिचकारी, खुंट्यावर पिचकारी, हनुवटीला सुपारीचा ओला तुकडा.

"भिंत धुता येते," दीपा मॅडम म्हणाल्या. "भाजकी माती पाणी पिते. ताजं आहे तोवर कापसाने टिपा. घासायचं नाही. तुम्ही दोघं घ्या हे काम."

"मी? थुंकी?" खुशी दोन पावलं मागे सरली आणि सवयीने ओरडली, "मथुरामावशी, इकडे या न! हे पुसून द्या."

मथुराबाई पाइप बंद करून आल्या. "काहून?"

"म्हणजे... रोज तुम्हीच करता न."

"मी झाडाची बाई हाय. भिंत धुत होती, कारन दुसरं कोनी धुत नव्हतं. तुले किळस येते?"

"खूप."

"अन् मले येत नसन, असं वाटते तुले?"

पियुष मध्ये पडला. "मावशी, आम्ही टाइल्स लावल्या होत्या न. लोकच असे आहेत, काय करणार?"

"टाइल्सनं लोकायले काय सांगतलं, बाबू? देव हाय तिथं थुंकू नका. मंग देव नाही तिथं चालते. तुम्ही भिंतीले मान देला अन् हे बाई उघडी ठेवली." मथुराबाईंचा आवाज चढला नाही. "आमच्या घरच्यायनं बुद्धाची वाट धरली, तवा माह्या आजीनं गावची घान उचलनं सोडलं. मी तिची नात हाय. आता थुंकीसाठी एकदा जरी हाक आली, तर दुसऱ्या दिवशी मी येनार नाही. झाडं तुम्ही पाहा."

आणि त्या परत पाइपकडे गेल्या. त्या गेल्या तर मे महिन्याच्या उन्हात अर्धी बाग जाईल, हे दीपा मॅडमना माहीत होतं. खुशीलाही कळलं. पण तिला त्याहून मोठी गोष्ट बोचत होती. थुंकणाऱ्यांची जेवढी किळस वाटली होती, तेवढीच आता स्वतःची वाटत होती.

ती तोंडाला रुमाल बांधून बसली. बोळ्यामागून बोळा. एकदा कण्हेरीमागे जाऊन ओकली, तोंड धुऊन परत आली. गालावरचा डाग निम्माच निघाला. पियुषने न सांगता पदर पुसायला घेतला. त्या दिवसापासून कुठेही थुंकी पडली की दोघंच पुसू लागले.

शेवटच्या रविवारी घरच्या मंडळींना बोलावलं होतं. बाभुळगावहून खुशीचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ आले, विठ्ठलराव, कडक इस्त्रीचा शर्ट, खर्र्याने गाल फुगलेला. घरात त्यांना कुणी कधी नाही म्हटलेलं नव्हतं. खुशी सगळ्यांना जात्यावरच्या बाईबद्दल सांगत होती, मोठे बाबा भरल्या तोंडाने "हं, हं" करत होते. मग त्यांनी मान जरा वळवली, आणि पचकन बाईच्या मांडीवर.

"मथुरामा..." पियुषच्या तोंडून निघालंच. खुशीने त्याच्या तोंडावर हात दाबला. वीस पावलांवर मथुराबाई पाइप धरून बघत होत्या.

खुशीने पाण्याची वाटी आणि कापूस पुढे केला. "मोठे बाबा, पुसा."

"मी? अवं, ते पाइपवाली बाई हाय न तिथं."

"त्या झाडांच्या बाई आहेत. थुंकी तुमची आहे."

"थुंकी कायची? पानीच हाय ते. वाळून जाते."

"पाणीच आहे तर हात लावा."

मागे कुणीतरी हसलं. मोठ्या बाबांनी त्या दाट, बुडबुडे आलेल्या ओघळाकडे पाहिलं आणि त्यांचंच तोंड वाकडं झालं. "छ्या. घान वाटते."

"स्वतःची? आम्ही इतके दिवस दुसऱ्यांची पुसून राह्यलो."

"चार बुकं शिकली तं लोकायसमोर शिकवते काय मले?" ते जायला वळले.

खुशी खाली बसली आणि त्यांची थुंकी टिपू लागली. मोठे बाबा चार पावलं गेले, थांबले. आपली पोरगी आपली थुंकी काढते आहे आणि सगळं जग बघतं आहे, हे त्यांना सहन होईना.

"उठ. उठ म्हनतो न." ते गुडघ्यांवर हात देत खाली बसले.

"घासू नका. टिपा."

एक बोळा, दुसरा, सातवा. कपाळावर घाम आला. "निघून नाही राह्यलं वं."

"पूर्ण नाही निघणार. माती पिते."

त्यांनी हातातला लाल बोळा उलटून पाहिला. मग हळूच म्हणाले, "मंग तुमच्या पयले हे रोज कोन करत होतं?"

विचारता विचारता त्यांची नजर पाइप धरलेल्या मथुराबाईंकडे गेली. ते लाल हात अंगापासून दूर धरून मथुराबाईंसमोर उभे राहिले. "बाई, चुकलं माहं. हात धुवाले पानी देता काय?"

"देतो न," मथुराबाई म्हणाल्या. "पन झाडाच्या बुडाशी नका धुवू. नालीपाशी या."

सोमवारी मथुराबाई कामावर आल्या. भिंतीवरच्या टाइल्स दोघा इंटर्नांनी स्वतः जपून काढल्या.

मित्रांनो, देवाच्या भीतीने राखलेली स्वच्छता दहा पावलांवर संपते. माणसाची किंमत कळली तरच ती पुढे जाते. तोंड आपलं, घाण आपली, आणि वाकायचं मात्र दुसऱ्याने, ही आपल्या जिल्ह्यातली सगळ्यात घाणेरडी सवय आहे, खर्र्याहूनही घाणेरडी. ती सोडायला संग्रहालयात इंटर्न व्हावं लागत नाही. पुढच्या वेळी कुणाला हाक मारायला तोंड उघडाल, तेव्हा आधी बघा, ती घाण कुणाची आहे. जो थुंकला, त्यानेच वाकावं.