आंबट बंद

चंद्रावतीने एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ती मागे हटायची नाही. आणि या खेपेला तिने नवऱ्याला वाचवायचं मनावर घेतलं होतं.

नवरा कृष्णनाथ डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. गोवा राज्य झालं त्या वर्षी त्याचे पाय सुजले, धाप लागू लागली. पणजीच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडं थकल्याचं सांगितलं. "रक्तात ॲसिड साचतंय, जेवण सांभाळा," म्हणत गोळ्या दिल्या आणि जेवणाचा कागद हातात ठेवला. मराठी की कोंकणी म्हणून अख्खा गोवा एकमेकांच्या उरावर बसला होता, आणि कागद मात्र इंग्रजीत! चंद्रावतीने तो घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवला. कुणाकडून वाचून घ्यावा असं तिला वाटलंच नाही. ॲसिड आंबट खाण्यातूनच होणार, यात विचारायचं काय?

पेडण्याला घरी पोचताच तिने कोकमाच्या सोलांची बरणी शेजारच्या पार्वतीला देऊन टाकली. चिंच गेली, लोणचं गेलं, सोलकढी तर गेलीच. सोलांवाचून माशाची आमटी म्हणजे नुसता उग्र वास. पण अंगात ताकद यायला हवी म्हणून ती दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून सुके बांगडे आणि गावठी अंडी आणायची, रविवारी कोंबडी कापायची. स्वतः पेजेवर राहायची.

"वायच सोलकढी दी गो," कृष्णनाथ रोज म्हणायचा. "दोन कुलेर, दोन चमचे फक्त."

"रक्तात ॲसिड जालाहा तुमच्या. आंबट मेळाचा नाय."

एके दुपारी तो भिंतीला धरत धरत पार्वतीच्या ओसरीवर गेला. तिने वाटीभर कढी दिली. ती ओठाला लागणार इतक्यात चंद्रावतीने येऊन वाटी हिसकली आणि चार माणसांदेखत अंगणात ओतली. "मराचा आसा तुमका?" ती ओरडली. कृष्णनाथ पोरासारखा मान खाली घालून परतला. बायको असावी तर अशी, असं वाडीत सगळे म्हणाले. लोकांचं काय जातं म्हणायला!

तीन महिन्यांनी तो बसल्या जागी डोंगर चढल्यासारखा श्वास घेऊ लागला. पणजीच्या इस्पितळात त्याच डॉक्टरांनी विचारलं, "जेवणात काय देता?"

चंद्रावतीने अभिमानाने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "बाई, चार सोलांनी काही झालं नसतं. मासळी, अंडी, कोंबडी पचताना अंगात ॲसिड तयार होतं. ते मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचं, आणि यांची तर थकलेली. कागदावर तेच कमी करायला लिहिलं होतं. वर सुक्या मासळीचं मीठ."

"म्हणजे मियाच..."

"दुखणं आधीचंच होतं," डॉक्टर म्हणाले. पण भर पडली नाही असं काही ते म्हणाले नाहीत. "आता हातात फार राहिलं नाही. मागतील ते द्या."

ती तडक बस धरून पेडण्याला गेली. पार्वतीकडून सोलं मागून घेतली, दोन नारळ फोडले, नेहमीच्या दुप्पट सोलांची कढी केली आणि सकाळी डबा घेऊन खाटेपाशी हजर झाली.

"तुमची सोलकढी हाडली मिया."

कृष्णनाथचे डोळे कितीतरी दिवसांनी हसले. तिने कुलेरीने कढी भरवली. एक घोट, दुसरा घोट. मग त्याने तोंड मिटलं. आजाराने जिभेची चवच नेली होती, पण हे त्याला कोण सांगणार?

"सोलां घालूक नाय मगे तू," तो हळूच म्हणाला. "शेवटाक तरी घालतलंस असा वाटला होता."

"देवाशपथ घातलंय! तुमच्या गळ्याशपथ!" ती रडत सांगत राहिली. त्याने रागही केला नाही. बायकोला आपल्या भल्यासाठी खोटं बोलावं लागतंय, हे ओळखल्यासारखं तिच्या हातावर थोपटलं आणि कूस बदलली. दुपारी तो गेला.

बाहेर व्हरांड्यात तिने उरलेली कढी तोंडाला लावली. एका घोटातच तिचे दात आंबले.