हल्डाची रेघ

ते साल होतं १९५७. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या दक्षिण किनाऱ्यावर त्या वर्षी कॉड मासा इतका उतरला की धक्क्यावर वाळवणाला जागा पुरेना. बायका दिवसभर मासे उलटत, आणि आंबवलेल्या कोबीच्या वासावरून कुणाच्या घरचं पिंप उघडलं ते ओळखत. आज ते दिवस आठवले की जीव हुरहुरतो. हल्डा टेल्फरला मात्र ते साल कधी गोड लागलं नाही.

तिचा नवरा ॲम्ब्रोज हा गावातला एकुलता एक लेखक. त्याने समुद्रावर दोन कादंबऱ्या लिहिल्या. समुद्रावर जाणाऱ्यांनी त्या उघडल्या नाहीत, न जाणाऱ्यांनी मिटून ठेवल्या. मग तो प्रकाशक झाला. सासऱ्याच्या मासळीच्या कोठारात त्याने हाताने चालवायचं छपाईयंत्र बसवलं आणि दुसऱ्यांची पुस्तकं काढू लागला. ती खपत, कारण त्यांत हल्डाने लाकडावर कोरलेली चित्रं असत. अलीकडे तो रंगांचे ब्रशही आणायला लागला होता.

"तुझा नवरा दिसेल त्या पाण्यात उडी मारतो गं," हल्डाची थोरली बहीण व्हर्ना म्हणायची, "आणि पोहायला एकातही येत नाही."

हल्डा हसायची. नवऱ्याची एवढीच थट्टा तिला चालायची.

दोघी बहिणींचा धाकटा भाऊ एल्वुड बोटीसकट बुडाला होता. प्रेत सापडलं नाही, त्यामुळे चर्चच्या आवारात त्याच्या नावाचा दगडही नव्हता. तेव्हा हल्डाने त्याचं आयुष्य लाकडात कोरायला घेतलं: जाळं विणणारा एल्वुड, आईच्या ताटातला बटाटा पळवणारा एल्वुड, धुक्यात शिरणारी बोट. त्यात तिची काही वर्षं गेली. "हे पुस्तक तुझं," ॲम्ब्रोजने वचन दिलं होतं. "वर नावही तुझंच."

त्या उन्हाळ्यात हॅलिफॅक्सहून फॅरिश नावाचे चित्रांचे जाणकार आले, ॲम्ब्रोजची चित्रं बघायला. ती त्यांनी बघितली. मग कोठारात दोरीवर वाळत टाकलेले हल्डाचे नमुन्याचे कागद दिसले, आणि ते तिथेच थबकले.

"हे कुणाचं काम?"

"बायकोचं. फावल्या वेळचं," ॲम्ब्रोज म्हणाला.

"टेल्फर, राग मानू नका. तुमचं नाव पुढे कुणी घेतलंच, तर या बाईंचा नवरा म्हणून घेईल."

जेवताना ॲम्ब्रोज खूप हसला. पाहुण्यांना त्याने दोनदा मासे वाढले.

त्यानंतर तो हल्डाशी फार गोड वागायला लागला. "कोरलंस तू, छापतो मी. तुझी मनगटं सुजलीत, तू येऊच नकोस तिकडे." लग्नानंतर प्रथमच त्याला तिची मनगटं दिसली होती. तिला भरून आलं.

अशा पुस्तकांची एक रीत असते. ठरलेल्या प्रती छापून झाल्या की कोरणाऱ्याने आपल्याच हाताने प्रत्येक लाकडी ठशावर आडवी खोल रेघ मारायची. मग तो ठसा मेला. पुन्हा कुणी चोरून छापू शकत नाही, आणि घेणाऱ्याला तीच खात्री. दुसरी रीत अशी की ओल्या शाईचे गठ्ठे वाळेपर्यंत कुणी उघडायचे नाहीत. छापणारा झालं म्हणाला की झालं. "बघू का?" असं विचारणं म्हणजे त्याला चोर म्हणणं.

"झालं," ॲम्ब्रोज म्हणाला. गठ्ठे भिंतीशी नीट रचलेले होते. "मार रेघा."

हल्डाने हत्यार घेतलं. प्रत्येक ठशावरून तिने बोट फिरवलं, एल्वुडचा निरोप घेतला आणि रेघ ओढली. शेवटच्या ठशाला तिचं रडू आवरेना. ॲम्ब्रोजने तिला रुमाल दिला.

शाई वाळल्यावर तिने व्हर्नाला बोलावून गठ्ठे सोडले. वरचे थोडे कागद एल्वुडचे. खाली ॲम्ब्रोजची तिसरी कादंबरी.

"हे काय आहे?" हल्डाने विचारलं.

"कागद कमी पडला गं. वरचे ठेवलेत की तुला, बहिणी-बहिणी वाटून घ्या."

"मेल्या, आमचा भाऊ होता तो!" व्हर्ना ओरडली.

"मग रेघा कुणी मारल्या? मी? मी तर ठशाला हातही लावला नाही."

हल्डाने पुन्हा कोरून पाहिलं. बोट जमली, धुकं जमलं. एल्वुडचा चेहरा काही केल्या येईना. तो तिला एकदाच नीट आठवला होता.

ॲम्ब्रोजची कादंबरीही पडलीच. हिवाळ्यात रिकामपणी त्याने ते मेलेले ठसे यंत्रावर चढवून पाहिले. जाळं विणणाऱ्या पोराच्या गळ्यावरून पांढरी रेघ गेलेली. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने वर निळा रंग चढवला आणि खाली सही केली.

हॅलिफॅक्समध्ये त्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तो हल्डाला नवा कोट घालून घेऊन गेला. फॅरिश तोवर वारले होते. ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं.

"काय धाडस आहे त्या रेघेत!" एक बाई म्हणाल्या. "चित्रकाराने केवढं दुःख ओतलंय!"

"ती रेघ मी मारली," हल्डा म्हणाली. "तो माझा भाऊ आहे."

सगळे ॲम्ब्रोजकडे बघायला लागले. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हिचा भाऊ बुडाला तेव्हापासून असंच चाललंय. प्रत्येक पोरात हिला तोच दिसतो." बाईंचे डोळे पाणावले. त्यांनी हल्डाला खुर्ची आणून दिली.

ॲम्ब्रोज पुढे पुष्कळ जगला. लेखक, प्रकाशक, चित्रकार असे तिन्ही शब्द त्याच्या थडग्यावर कोरले आहेत. चित्रं मोठ्या शहरांत गेली. व्हर्ना त्याच्याशी पुन्हा एक शब्दही बोलली नाही. दफनाच्या दिवशी ती घरी कोबी चिरत बसली होती. हल्डा मासळीच्या कारखान्यात लागली आणि हात चालले तोवर कॉड फाडत राहिली. तिच्याइतकी सरळ सुरी तिथे कुणाची चालत नव्हती, असं सोबतच्या बायका सांगत. एल्वुडचे वरचे ते थोडे कागद दोघी बहिणींनी वाटून घेतले. हल्डाने आपल्या वाट्याचे कधी भिंतीवर लावले नाहीत.