काजांचे आकडे

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात नवे साहेब आले आणि भिंतीवर फळा लागला. दिवसात कुणी किती काजं केली त्याचा आकडा, आणि खाली शेजारच्या टेबलावरच्या बाईने तिच्याविषयी लिहिलेला निनावी शेरा. महिनाअखेर जी तळाला, तिला घरचा रस्ता.

तिथे कामाला असलेल्या दोघी जावांपैकी धाकटी तळाला होती. तिच्या कामाला नावं ठेवायला जागा नव्हती. पण थोरल्या जावेची नजर अधू झालेली, आणि तिची वाकडी काजं जेवणाच्या सुट्टीत आणि पुढेही तासभर धाकटीच उसवून पुन्हा करायची. मोजली जायची थोरलीच्या नावावर. त्याचं तिला काही नव्हतं. झोंबला तो शेरा: ‘जागेवर नसते. दुसरीच्या टेबलाशी वेळ घालवते.’

धाकटीच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला थोरली. मग लिहिणार कोण, भिंत? त्यात थोरली दोनदा साहेबांच्या खोलीत जाऊन आली, आणि विचारलं तर म्हणाली, “काही नाही गं, सहज.” साहेबांकडे सहज कोण जातं? आता घरी थोरलीने ‘भाजी आणखी वाढू का?’ विचारलं तरी धाकटीला त्यात काळंबेरं दिसायचं.

“जिच्यासाठी उपाशी राहिले, तिनंच केसानं गळा कापला,” ती नवऱ्याला म्हणाली.

“वहिनी तशी नाही.”

“तुमचीच वहिनी ती! तुम्हाला कशी दिसेल?”

दुसऱ्या दिवसापासून तिने थोरलीच्या काजांना हात लावला नाही. तीन दिवसांत थोरलीचे ढीगभर कपडे परत आले आणि धाकटीचा आकडा सरसर चढला. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

चौथ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं. “फळ्यावरचा शेरा अर्धाच आहे, असं तुमच्या जाऊबाई दोनदा सांगून गेल्या. आमच्या संगणकात दोनच ओळी मावतात हो.” त्यांनी मूळ कागद पुढे सरकवला. त्या दोन ओळींखाली थोरलीच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात होतं: ‘तिथे बसून माझी बिघडलेली काजं करते. मला दिसत नाही. काढायचं तर मला काढा.’

“मला आधी पटलं नव्हतं,” साहेब म्हणाले. “पण हे तीन दिवसांचे आकडे बघून खात्री पटली. त्या उद्यापासून येणार नाहीत.”

धाकटी बाहेर आली. थोरली आपली कात्री पिशवीत भरत होती.

“तीन दिवस हात लावला नाहीस ते बरं केलंस हो,” ती हसून म्हणाली. “मी सांगितलं असतं तर ऐकलं नसतंस. तुझी तुलाच अक्कल सुचली.”

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘जाऊबाई’ म्हणत तिने ती पिशवी आपल्या हातात घेतली.